जेडच्या पात्याशेजारी त्याचे गाव लिहा: संग्रहालयांना एक खुले पत्र

प्रति,
प्राचीन चिनी जेड जपणाऱ्या युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांचे अभिरक्षक आणि विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात पुरातत्त्व शिकवते. माझे काही विद्यार्थी आज तुमच्या शहरांत शिकतात, काही तुमच्याच दालनांत आणि कोठारांत काम करतात. पत्र मराठीत आहे. ते तुमच्यापर्यंत पोचवण्याचे काम मी त्यांच्यावर सोपवले आहे. आणि सुट्टीत लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क पाहायला जाणाऱ्या मराठी माणसांनीही तुमच्या काचपेटीसमोर उभे राहून हाच प्रश्न विचारावा, अशी माझी इच्छा आहे.

मागणी आधीच सांगते. तुमच्याकडे असलेल्या जेडच्या प्रत्येक विधीपात्याच्या फलकावर ते जमिनीतून कुठे निघाले, कोणाच्या हातून आणि कोणत्या साली तुमच्याकडे आले, हे लिहा. ठिकाण ठाऊक नसेल तर 'सापडल्याचे ठिकाण अज्ञात' असे ठळक अक्षरांत लिहा. विक्रेत्याने तोंडी काही सांगितले असेल तर तेही, त्याचे म्हणणे म्हणूनच, लिहा. आणि खरेदीची कागदपत्रे अभ्यासकांना उघडी करा.

तुमच्यापैकी अनेकांच्या दालनांत मी जे फलक वाचले, त्यांवर 'विधीचे पाते, जेड, चीन, इ.स.पू. दुसरे सहस्रक' एवढाच मजकूर होता. चीन केवढा, सहस्रक केवढे! आंध्रात सापडलेल्या मूर्तीखाली 'आशिया' लिहिल्यावर वाचणाऱ्याच्या हाती जेवढे लागेल, तेवढेच इथे लागते.

ज्यांनी ही पाती पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. इथे जेड म्हणजे नेफ्राइट. मोह्सच्या मापावर त्याचे काठिण्य 6 ते 6.5, म्हणजे साध्या पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. आतले सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की तो सहजासहजी फुटतही नाही. लाकडासारखा किंवा संगमरवरासारखा तो छिन्नीने कोरता येत नाही, झिजवावाच लागतो. ओली वाळू घालत दोरीने किंवा पातळ पट्टीने तासन्‌तास घासायचे, तेव्हा कुठे एक चीर खोल जाते. अशा दगडाची हातभर लांब आणि बोटापेक्षाही पातळ फळी काढायची, एका कडेला धार आणायची, मुठीकडे भोक पाडायचे आणि मग झिलई. हनान प्रांतातल्या अर्लितोऊला 1975 साली सात भोकांचा जेडचा सुरा मिळाला. त्याची लांबी 65 सेंमी आहे आणि जाडी कुठेही अर्ध्या सेंमीपर्यंत जात नाही. दोन्ही टोकांना बारीक तिरक्या रेघांची जाळी कोरलेली आहे. त्या सुऱ्याने कोणी काही कापले नसेल हे पाहताक्षणी कळते. मग एवढे श्रम कशासाठी केले, कोणाच्या हातात तो असायचा, कोणासमोर धरायचा?

अशा पात्यांचे घराणे मोठे आहे. 'युए' म्हणजे रुंद कुऱ्हाड. 'दाओ' म्हणजे सुरा. 'ग' म्हणजे दांड्याला आडवे बसवायचे खंजिरासारखे पाते. आणि माझे सर्वांत आवडते 'याझांग': लांब, चपटे, टोकाला आत वळलेली किंवा दुभंगलेली धार, आणि मुठीजवळ दोन्ही बाजूंना बाहेर आलेले दाते. यांतली बरीचशी खऱ्या हत्यारांच्या आकारावरून आली. पण हत्याराचे काम सोडून देऊन ती सत्तेची, देवाची, पूर्वजांची वस्तू झाली. हा बदल कसा घडला हे समजायचे तर पाते कुठे, कशाशेजारी, कोणत्या थरात होते हे कळावेच लागते.

उत्तर शेन्सीतल्या शिमाओ या प्राचीन शहराची हकिकत याच कारणासाठी सांगते.

1929 च्या सुमारास जर्मन कलाभ्यासक आल्फ्रेड साल्मोनी पेकिंगमध्ये होते. शेन्सी प्रांताच्या उत्तरेकडच्या यूलिन भागातून काही जण जेडच्या वस्तू विकायला घेऊन आले. साल्मोनींनी त्यांतल्या काही घेतल्या. त्यांत एक लांब, काळपट याझांग होते, ते कोलोनच्या पौर्वात्य कलेच्या संग्रहालयात गेले. तशीच काळी पाती युरोप-अमेरिकेतल्या इतर संग्रहांतही पोचली, पण त्यांचे गाव वाटेतच हरवले. एका खरेदीच्या आठवणीत मात्र 'यूलिन' हे नाव टिकून राहिले.

पुढे 1976 साली दाई यिंगशिन हे पुरातत्त्वज्ञ त्याच भागातल्या शनमू परगण्यात गेले. गावकऱ्यांच्या हाती वर्षानुवर्षे येत असलेले जेड त्यांनी गोळा केले. शंभराहून जास्त वस्तू मिळाल्या, त्यांत दोन डझनांहून अधिक याझांग पाती होती. गावकरी सांगत, हे जेड जुन्या दगडी भिंतींतून निघते. ऐकणाऱ्यांना ते विचित्रच वाटले. जेड थडग्यात असावे, भिंतीत कसे असेल? भिंतीही चीनच्या मोठ्या भिंतीचाच एखादा भाग असतील, असे बरीच वर्षे समजले जाई.

2011-12 मध्ये तिथे, म्हणजे शिमाओला, पद्धतशीर उत्खनन सुरू झाले आणि चित्रच पालटले. त्या भिंती इ.स.पू. 2300 ते 1800 च्या दरम्यानच्या निघाल्या. चारशे हेक्टरांहून मोठे दगडी तटबंदीचे शहर, मधोमध पायऱ्यापायऱ्यांचा उंच चौथरा, पूर्वेला भव्य वेस, आणि वेशीजवळ खड्ड्यांत पुरलेल्या माणसांच्या कवट्या. तटाच्या दगडांमध्ये खरोखरच जेडच्या वस्तू मुद्दाम बसवलेल्या सापडल्या. गावकरी अगदी खरे सांगत होते. कोलोनचे ते काळे पाते आज अभ्यासक शिमाओचेच मानतात. 1929 मध्ये 'यूलिन' हे नाव टिपलेच गेले नसते तर हा धागा कोणाला सापडला असता? म्हणून विक्रेत्याचे ऐकीव बोलणेही लिहा, असा माझा आग्रह आहे. ते पुरावा नसेल. पण पुढच्या माणसाने कोणत्या दिशेला जायचे हे त्यातून कळते.

उलट बाजूने पाहा. हांगझोऊजवळची ल्यांगझू संस्कृती साधारण इ.स.पू. 3300 ते 2300 मधली. 1919 मध्ये निधन झालेले अमेरिकन संग्राहक चार्ल्स लँग फ्रीर यांनी तिथल्या अनेक जेडच्या वस्तू विकत घेतल्या होत्या. त्या तेव्हा झोऊ किंवा हान या कितीतरी नंतरच्या राजवंशांच्या काळातल्या समजल्या जात. दोन-अडीच हजार वर्षांची चूक! यात फ्रीर यांचा दोष नव्हता. वस्तू मातीतून सुटून बाजारात आली होती, आणि बाजाराला फक्त तिचा रंग आणि आकार ठाऊक होता. 1986 साली ल्यांगझूतल्याच फानशानच्या टेकाडावर न लुटलेली थडगी उघडली तेव्हा खरा काळ आणि खरा मालक दोन्ही समोर आले. तिथल्या 12 क्रमांकाच्या थडग्यात जेडची युए कुऱ्हाड होती. तिच्या पात्याच्या कोपऱ्यात पिसांचा मुकुट घातलेला देव आणि त्याखाली मोठ्या डोळ्यांचा प्राणी कोरलेला आहे, इतका बारीक की भिंगाशिवाय रेघा सुट्या दिसत नाहीत. लाकडी दांडा केव्हाच कुजून गेला होता. पण त्याच्या दोन्ही टोकांना जेडची टोपणे होती आणि ती जागच्या जागी राहिली होती. त्या अंतरावरून दांड्याची लांबी काढता आली आणि कुऱ्हाड पुन्हा उभी करता आली. हीच टोपणे सुटी विकली गेली असती तर कुठल्यातरी काचपेटीत 'अलंकार, उपयोग अज्ञात' म्हणून पडून राहिली असती.

तुमच्या कोठारांत अशी सुटी टोपणे पडून असतील. कृपया एकदा त्या कप्प्यांकडे पाहा.

आता नावांबद्दल. 'याझांग' हे नाव वस्तूवर लिहिलेले नव्हते. झोऊ काळाच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या एका जुन्या विधिग्रंथात, सैन्य उभारण्यासाठी आणि ठाण्यांवरच्या फौजेसाठी वापरायच्या अशा एका जेडच्या वस्तूचा उल्लेख आहे. तो ग्रंथ या पात्यांच्या कितीतरी शतकांनंतर सिद्ध झाला. 1889 मध्ये वू दाचंग या विद्वान अधिकाऱ्याने आपल्यासमोरची दातेरी पाती आणि ग्रंथातले ते नाव यांची जोडी लावली आणि नाव रूढ झाले. वू दाचंग यांच्याबद्दल मला आदर आहे, त्या काळी हातात होते त्यावरून त्यांनी केलेले काम थोर आहे. पण नावासोबत उपयोगही आपोआप चिकटला. 1983 साली चिनी पुरातत्त्वज्ञ शिया नाई यांनी स्पष्ट लिहिले की ग्रंथातले नाव वस्तूवर लादू नये. आकार आणि सापडण्याची जागा यांवरून बोलावे. एवढी वर्षे लोटली, तरी कित्येक फलकांवर 'सैन्याला आज्ञा देण्याचे पाते' हे वाक्य निश्चित सत्य असल्यासारखे अजून छापले जाते.

उत्खनन काय सांगते? सिच्वानमधल्या सानशिंगदुईला 1986 मध्ये दोन मोठे खड्डे सापडले, मोडलेल्या-जाळलेल्या कांस्याने, हस्तिदंताने आणि जेडने भरलेले. दुसऱ्या खड्ड्यात गुडघे टेकून बसलेल्या माणसाची एक कांस्यमूर्ती होती, उंची पाच सेंमीही नाही. तिने दोन्ही हातांनी आपल्यासमोर याझांग धरले आहे. त्याच खड्ड्यातल्या एका जेडच्या पात्यावर चित्र कोरले आहे: डोंगर, ओळीने उभी आणि गुडघ्यांवर बसलेली माणसे, आणि डोंगरांच्या बाजूला उभी केलेली याझांग पाती. लष्करी आज्ञेचा तिथे मागमूस नाही. डोंगराला काही अर्पण होते आहे, कोणाची तरी आराधना चालली आहे, असे ते दृश्य सरळ सांगते. शेन्सीत किंवा अर्लितोऊत हाच अर्थ असेल असे मी म्हणत नाही, कारण सानशिंगदुई बरेच नंतरचे आणि फार दूरचे. पण तुम्ही तिन्ही ठिकाणच्या पात्यांना एकच वाक्य लावता, हे मला पटत नाही.

आणि अंतर किती, हेही मनात आणा. शानदोंगचा समुद्रकिनारा, उत्तर शेन्सीचे पठार, अर्लितोऊ, सानशिंगदुई, चंगदू शहरात 2001 मध्ये उजेडात आलेले जिनशा. हाँगकाँगच्या लामा बेटावर 1990 साली एक याझांग मिळाले. व्हिएतनाममध्ये लाल नदीच्या खोऱ्यात, फू थो प्रांतातल्या फुंग न्गुयेन आणि सोम रेन इथेही ही पाती निघाली. सुमारे दोन हजार किलोमीटरच्या टापूत एकच विलक्षण आकार, तोही नित्याच्या कामाला निरुपयोगी. तो कसा पसरला? लग्नसंबंधांतून, नजराण्यांतून, भटकणाऱ्या कारागिरांबरोबर, की एखाद्या हरलेल्या वंशाबरोबर? आकाराची सुरुवात शानदोंगला झाली की उत्तर शेन्सीत, हाही वाद मिटलेला नाही. मिटणार कसा? शानदोंगमधली बहुतेक पाती नीट उत्खननातून आलेली नाहीत. तुमच्याकडची तर नकाशावर कुठेच मांडता येत नाहीत. एखाद्या विधीची वाटचाल इतक्या लांबवर दगडातून दाखवता येईल अशी जागा जगात फार थोडी आहे, आणि त्या नकाशावरचे कितीतरी ठिपके तुमच्या कपाटांत बंद आहेत.

पाते स्वतःच बोलते अशी उदाहरणे दुर्मीळ आहेत. आन्यांग या शांग राजवंशाच्या जुन्या राजधानीच्या जागी 1976 साली पुरातत्त्वज्ञ झंग झेनशियांग यांनी राणी फू हाओचे थडगे उघडले. त्यात जेडच्या 755 वस्तू होत्या. त्यांतल्या एका 'ग' पात्यावर कोरले आहे की लू नावाच्या मुलखाकडून अशी पाच पाती आली. नजराणा कोणाकडून, किती, हे पात्यावरच लिहिलेले! आणि तो कोणाला पोचला हे थडगे सांगते. लेख आणि जागा दोन्ही एकत्र मिळाल्यामुळे ते छोटे वाक्य राजकीय इतिहास झाले. वॉशिंग्टनला फ्रीर यांच्या संग्रहात एक भलेमोठे 'ग' पाते आहे. आरंभीच्या झोऊ राजाने 'ताईबाओ' या थोर अधिकाऱ्याला दक्षिणेचे प्रदेश पाहून यायला सांगितल्याचा बारीक लेख त्यावर आहे. ते शेन्सीतल्या चिशानकडचे, असे सांगितले जाते. तो लेख नसता तर तेही 'विधीचे पाते, चीन' एवढेच उरले असते. लेख नसलेली शेकडो पाती आज तशीच उरली आहेत.

हे दुःख मला परके नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला 1974 साली कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या: बैलगाडी हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून जास्त. त्या उत्खननाच्या खड्ड्यात मिळाल्या नाहीत, झाडाखाली खणताना निघाल्या. त्यानंतर पुरातत्त्वज्ञ साळी यांनी तिथे काळजीपूर्वक उत्खनन केले, ढवळीकरांनी आणि इतर अभ्यासकांनी लिहिले, धातूतल्या आर्सेनिकवरून शंका घेतल्या गेल्या, आणि त्या कांस्यांच्या काळाबद्दल अजूनही सगळ्यांचे एकमत नाही. गाव माहीत, शेत माहीत, साल माहीत, तरी ही अवस्था. तुमच्या पात्यांबाबत तर गावही नाही. वर्गात दायमाबाद शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी याझांगही दाखवते.

तुमच्या अडचणी मी ऐकल्या आहेत. फलकावर जागा नसते, असे सांगतात. पण 'ठिकाण अज्ञात, अमुक साली अमुक विक्रेत्याकडून' ही एकच ओळ आहे. 'भव्य', 'गूढ', 'अद्वितीय' ही विशेषणे काढली की तिला जागा होते. दुसरी अडचण जास्त खरी: वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी लिहिली की तिच्यातले तुटलेले दुवे दिसतात. चीनमधल्या 1911 च्या क्रांतीत मारले गेलेले अधिकारी दुआनफांग यांचा संग्रह कसा विखुरला, पॅरिस आणि न्यूयॉर्कमधून विक्री करणारे सी. टी. लू यांच्याकडून कोणत्या संग्रहालयात काय गेले, हे आज अभ्यासाचे उघड विषय आहेत. ते लपवून तुमची प्रतिष्ठा राहत नाही. 2020 साली अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेने आपल्या लाखो प्रतिमा कोणालाही वापरता येतील अशा खुल्या केल्या. त्यात आशियाई कलाही आली. म्हणजे हे करता येते.

पाती परत करावीत का, हा प्रश्न मी या पत्रात बाजूला ठेवते. त्याची उत्तरे वस्तूगणिक वेगळी आहेत, आणि ती देशांनी आणि न्यायालयांनी मिळून काढायची आहेत. पण नव्याने घेण्याबद्दल माझे मत ठाम आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार 1970 चा. भारताने तो 1977 मध्ये मान्य केला, चीनने 1989 मध्ये. अमेरिका आणि चीन यांच्यात जुन्या वस्तूंच्या आयातीवर 2009 पासून करार आहे. अमेरिका आणि भारत यांच्यात 2024 मध्ये झाला. एवढे असताना, 1970 पूर्वीचा एकही कागद नसलेले पाते देणगी म्हणूनसुद्धा स्वीकारू नका. देणगीदार कितीही मोठा असो. कागद नसलेले पाते एक तर लुटलेले असते किंवा बनावट, आणि दोन्ही बाबतींत संग्रहालयाने दार उघडले की पुढच्या थडग्यावर फावडे पडते.

बनावटीचा विषय निघालाच आहे तर एक काम तातडीचे आहे. ल्यांगझू आणि शिमाओ प्रसिद्ध झाल्यापासून त्यांच्या नकला बाजारात भरपूर आल्या. ओळखायचा एक भरवशाचा मार्ग म्हणजे हत्याराच्या खुणा. दोरीने कापलेल्या जेडवर वक्र खुणा उमटतात, फिरत्या चकतीच्या वेगळ्या. भोक एका बाजूने पाडले की दोन्हींकडून, हे भोकाच्या आतल्या कडा सांगतात. म्हणून पात्याच्या फक्त देखण्या बाजूचा फोटो पुरत नाही. दोन्ही बाजू, कडा, भोकाचा आतला भाग आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या खुणा, वजन आणि जाडी हे सगळे प्रसिद्ध करा. जुन्या पात्याला मागाहून कापून लहान केले असेल तर तेही लिहा. शियानच्या, चंगदूच्या आणि हनोईच्या अभ्यासकांना तुमच्या दारी येण्याचा खर्च न करता तुलना करता आली पाहिजे, आणि पुण्यातल्या माझ्या वर्गालाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू पाहत माझ्यासारख्या अनेकांना चीनची पहिली ओळख झाली. त्या या पात्यांच्या मानाने अगदी अलीकडच्या. पण कोणी जमवल्या आणि कोणी दिल्या, हे तिथे पाहणाऱ्याला कळते. तुमच्याकडे साधने आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

सुरुवात याझांगपासून करा. ते जगातल्या संग्रहांत मोजता येतील इतकेच आहेत आणि आकार असा की चुकून दुसरे काही समजले जाणार नाही. प्रत्येक संग्रहालयाने आपापली यादी, आवक नोंदवहीतली मूळ ओळ जशीच्या तशी आणि वर सांगितलेले फोटो एका ठिकाणी द्यावेत. नोंदवहीत विक्रेत्याने सांगितलेले गाव चुकीच्या रोमन स्पेलिंगमध्ये असेल, तरी ते न सुधारता द्यावे. ते कोणते गाव असेल हे शोधायला चीनमधले स्थानिक अभ्यासक आहेत, आणि चिनी शिकलेले माझे दोन विद्यार्थी या कामासाठी आपला वेळ द्यायला तयार आहेत. तुमच्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
पुरातत्त्वाची एक शिक्षिका, पुणे